हिचम गावची फुलांची शाळा

गेल्या वर्षी ज्वारी हुरड्यात आली तेव्हा मी आठ दिवस शाळेत आले नव्हते. माळ्यावर बसून पाखरं राखत होते. परत आले तर वर्गात भागाकार शिकवून झाला होता. मला काहीच येईना, म्हणून रडू आलं. तेव्हा गुरुजींनी मला हिचम गावाची माहिती सांगितली. ती मी इथे लिहीत आहे.

हिचम हे इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातले एक खेडे आहे. ही माहिती व्हिक्टोरिया राणीच्या काळातली आहे. ती १८३७ ते १९०१ पर्यंत राणी होती. तिकडे एका चर्चच्या हद्दीत जी गावठाणे, वाड्या आणि शेते येतात त्या सगळ्यांना मिळून पॅरिश म्हणतात. पॅरिशच्या मुख्य धर्मगुरूला रेक्टर म्हणतात. हिचमचे चर्च फार जुने आहे. त्याच्या भिंती चकमकीच्या दगडांच्या आहेत. आपल्याकडे दुरून देवळाचा कळस दिसतो तसा तिथे चर्चचा मनोरा दिसतो.

तेव्हा हिचममध्ये जमीन थोड्या लोकांकडे होती. बाकीचे मजूर होते. १८५० च्या सुमारास सफोकमध्ये मजुराला आठवड्याला सात-आठ शिलिंग मिळत. बारा पेनींचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड होई. एवढ्यात घर भागत नसे, म्हणून मुलंही कामाला जात. लाकडी खुळखुळे वाजवून ती पिकावरचे कावळे हाकलत. वावरातले दगड वेचत. कापणी झाली की बायका-मुलं सरवा वेचायला जात. हे ऐकून मला नवल वाटलं. मला वाटायचं, पाखरं राखायला आपणच बसतो!

१८३७ साली जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो हे हिचमचे रेक्टर झाले. ते केंब्रिज विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. प्रसिद्ध शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन हा त्यांचाच विद्यार्थी. १८३१ साली डार्विनला बीगल जहाजावर जाण्याची संधी त्यांच्यामुळे मिळाली. एवढा मोठा माणूस खेड्यात आला आणि त्याने पाहिलं, तर पुष्कळ लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मग त्यांनी गावात शाळा उभी केली. त्यासाठी स्वतःचेही पैसे घातले.

पुढे दर सोमवारी ते मुलांना वनस्पती शिकवू लागले. या वर्गाला येण्याची सक्ती नव्हती. मुलगे शेतात कामाला जात, म्हणून वर्गात मुलीच जास्त असत. वर्गात बसायचं तर आधी डायकॉटिलेडन, मोनोकॉटिलेडन असे अवघड शब्द बिनचूक लिहून दाखवावे लागत. डायकॉटिलेडन म्हणजे द्विदल आणि मोनोकॉटिलेडन म्हणजे एकदल. मजुरांच्या मुली ते शब्द लिहीत! मुलं पॅरिशमधलीच रानफुलं शोधून आणत. फूल हळूच सोडवून पाकळ्या किती, पुंकेसर किती ते मोजत. आणलेली फुलं नावासकट शाळेत मांडून ठेवत. त्यांचं पुस्तक म्हणजे गावचा बांध आणि गावचं रान होतं.

रेक्टरांच्या अंगणात फळा-फुलांचे प्रदर्शन भरे. चांगल्या भाजीला मजुरांना बक्षीस मिळे आणि रानफुलांच्या गुच्छाला मुलांना. १८५४ साली त्यांनी गावकऱ्यांची सहल केंब्रिजला नेली.

हेन्स्लो मोठ्या माणसांसाठीही झटले. बटाट्यावर रोग पडला तेव्हा नासलेल्या बटाट्यातून खाण्याजोगं सत्त्व कसं काढायचं ते त्यांनी लोकांना दाखवलं. १८४३ साली समुद्रकाठच्या फेलिक्स्टो गावी त्यांना काही दगडी गोळे दिसले. त्यात फॉस्फेट आहे, त्याचं खत होईल, असं त्यांनी सांगितलं. मग तशा गोळ्यांपासून सुपर फॉस्फेट होऊ लागलं. आमच्या घरीही सुपर फॉस्फेटचं पोतं येतं.

त्यांनी मजुरांना पाव-पाव एकराचे तुकडे भाजीपाला करायला खंडाने मिळवून दिले. तेव्हा बडे शेतकरी रागावले. असा तुकडा घेणाऱ्याला आम्ही काम देणार नाही, असं त्यांनी ठरवलं. तरी हेन्स्लो मागे हटले नाहीत. ते तुकडे वाढतच गेले. १८६१ साली हेन्स्लो वारले. त्यांना हिचमलाच पुरलं आहे. त्यांच्या टिपणांवरून पुढे १८६४ साली वनस्पतिशास्त्राचं एक पाठ्यपुस्तक निघालं.

त्याच काळात, १८४८ साली, पुण्यात जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. त्यांनाही लोकांनी फार त्रास दिला. म्हणजे गरिबांची पोरं शिकू लागली की कुठेही कुणीतरी रागावतंच.

इंग्लंडमध्ये १८८० साली मुलांना शाळेत घालणं सक्तीचं झालं. १८९१ साली बहुतेक शाळांतली फी गेली. मग पाखरं हाकलणारी मुलं हळूहळू वर्गात बसू लागली.

मी आता आमच्या बांधावरची झाडं वहीत लिहिते. ज्वारी एकदल आणि तूर द्विदल. आतापर्यंत एकवीस झाडं झाली. आघाडा, टाकळा, एकदांडी यांची नावं मला आजीने सांगितली. आजीला लिहिता येत नाही, पण झाडं तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत.

भित्तिपत्रक वाचायला आलेल्या आई-वडिलांना माझी एक विनंती आहे. पाखरं राखायला आम्ही नाही म्हणत नाही. पण आमची पाळी रविवारी लावा. बाकीचे दिवस आम्हाला शाळेत येऊ द्या. आणि मित्रमैत्रिणींनो, उद्या येताना तुमच्या बांधावरचं एक-एक फूल घेऊन या. आपण पाकळ्या मोजू.