ऑनलाइन मालविक्री आणि वस्तू व सेवा कराची नोंदणी

मोबाइलवर मागणी नोंदवून घेऊन रत्नागिरीच्या हापूसची पेटी थेट बंगळूरच्या ग्राहकाकडे धाडणारे बागायतदार आता पुष्कळ आहेत. यात दलाली वाचते; परंतु विक्रेत्यावर येणाऱ्या कायदेशीर जबाबदाऱ्या शेतकऱ्याच्याच माथी येतात. या बाबतीत दोन प्रकारची चूक होते. कोणी भीतीपोटी अनावश्यक नोंदणी करून बसतो, तर कोणी शेतमालास कर नाही असे समजून निर्धास्त राहतो.

१ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कर कायद्यानुसार, जमीन स्वतःच्या वा कुटुंबीयांच्या श्रमाने, अथवा स्वतःच्या देखरेखीखाली मजूर लावून कसणाऱ्या शेतकऱ्यास त्या जमिनीतील उत्पन्न विकण्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. ताजा आंबा तर करमुक्तच आहे. मग तो ऑनलाइन विकला किंवा परराज्यात धाडला, तरी केवळ त्यामुळे नोंदणी आवश्यक ठरत नाही. ऑनलाइन बाजारपेठेचे लोक पुष्कळदा सरसकट नोंदणी क्रमांक मागतात. ती त्यांची सोय होय. कायद्याची सक्ती नव्हे.

मालाचे रूप पालटले की नियमही पालटतो. त्याच हापूसचा रस डब्यात भरला, तर त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के कर आहे. पूर्वी तो १२ टक्के होता. सुट्या गुळास कर नाही, परंतु तोच गूळ एक किलोच्या वेष्टनात भरून वर लेबल लावले, तर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के कर पडतो. लेबलामुळे भाव चांगला येतो, यात शंका नाही. मात्र भाव ठरवितानाच कर हिशेबात धरावा. मागाहून तो ग्राहकाकडून वसूल होत नाही.

असा करपात्र माल केवळ महाराष्ट्रात विकल्यास आणि एकूण वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असल्यास सामान्यतः नोंदणी लागत नाही. ऑनलाइन बाजारपेठेतून विकणाऱ्यास पूर्वी ही सवलत नव्हती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ती मिळाली. परंतु त्यासाठी पॅन व व्यवसायाचे ठिकाण कराच्या संकेतस्थळावर कळवून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. आमरसाचा एक डबा जरी बेळगावला धाडावयाचा असला, तरी ही सवलत संपते आणि रीतसर नोंदणी करावी लागते. न केल्यास १०,००० रुपये अथवा बुडालेला कर, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेवढा दंड होऊ शकतो.

नोंदणीकृत विक्रेत्याच्या करपात्र विक्रीतून बाजारपेठ अर्धा टक्का रक्कम कापून सरकारजमा करते. १० जुलै २०२४ पूर्वी हे प्रमाण एक टक्का होते. २ लाख रुपयांच्या आमरसावर असे १,००० रुपये कापले जातात. ही रक्कम विक्रेत्याचीच असते. संकेतस्थळावर ती स्वीकारली, म्हणजे त्याच्या रोख खात्यात जमा होते आणि कर भरण्यास उपयोगी पडते. न स्वीकारल्यास तशीच पडून राहते. डबे व खोकी खरेदी करताना भरलेला करही वजा मिळतो, म्हणून ती बिले जपून ठेवावीत.

आंब्याच्या धंद्यात एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयाची आहे. हंगाम जूनमध्ये संपतो, विवरणपत्रे मात्र संपत नाहीत. विक्री शून्य असली तरी शून्याचे विवरणपत्र मुदतीत भरलेच पाहिजे. उशीर झाल्यास दररोज २० रुपये विलंब शुल्क पडते. धंदा कायमचा बंद केला असेल, तर नोंदणी रद्द करण्याचा अर्ज वेळीच द्यावा.