आईच्या पाककृतींच्या वह्या आणि पुस्तके कशी सांभाळावीत?

आईच्या पश्चात आलेल्या अशा संग्रहात छापील पुस्तकापेक्षा वहीचे मोल जास्त. कमलाबाई ओगले यांची १९७० ची ‘रुचिरा’ आजही विकत मिळते. मात्र समासात पेन्सिलीने ‘गूळ कमी’ असे लिहिलेली प्रत रद्दीत देऊ नये. वहीचे आधी पानोपान फोटो काढावेत. तेलकट, फाटक्या पानांना सेलोटेप लावू नये. त्याचा चिकटा पिवळा पडून कागद खराब होतो. लॅमिनेशन तर नकोच.

खरी अडचण मापांची. ‘दोन वाट्या भाजणी’ म्हणजे नेमकी कोणती वाटी? ती घरात सापडलीच, तर पाण्याने भरून मिलिलिटरमध्ये मोजावी आणि आकडा चिठ्ठीवर लिहून वहीत ठेवावा. ‘मीठ अंदाजाने’ असलेल्या कृती मावशी किंवा आत्या करत असताना वजनकाट्यावर उतरवून घ्याव्यात.