सीईटीचा फॉर्म आणि दोन वर्षं

नशिराबाद,
दि. 9 नोव्हेंबर

चि. छोटीस,


दिवाळीत ओट्यावर बसून तू विचारलंस, "मामा, सीईटी देऊ की नको?" आणि मी "बघू" म्हणून उठून गेलो. पऱ्हाट्यांवरची वांगी करपत होती हे खरं, पण उत्तरही माझ्याकडे तयार नव्हतं. आता आहे, म्हणून लिहितो.

तुझ्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. परीक्षेला बसायचं का, हा पहिला. तिच्यापायी फैजपूरचं कॉलेज नावापुरतं ठेवून दोन वर्षं जळगावला क्लासच्या होस्टेलवर काढायची का, हा दुसरा. क्लासवाले दोन्ही एकाच पावतीत फाडतात, त्यामुळे घरच्यांनाही ते एकच वाटायला लागतात.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. सीईटी दे. फॉर्मला हजाराच्या आसपास खर्च येतो आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. पीसीएमला एकूण 200 गुण असतात. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे 50-50 प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे 50 प्रश्न दोन-दोन गुणांचे. म्हणजे निम्मा पेपर गणिताचा, आणि गणित तुला येतं. प्रश्न बहुतेक बारावीचे असतात, अकरावीचे साधारण पाचातला एक. तुझ्याकडे गणित आणि बायोलॉजी दोन्ही आहेत, तर पीसीबीचीही देता येईल. फार्मसी आणि बीएस्सी अ‍ॅग्रीची वाट याच परीक्षेतून जाते. पप्पांची केळी पाहता अ‍ॅग्री मला तरी वाईट वाटत नाही, पण ते तुझं तू ठरव.

सीईटी द्यायचं दुसरं कारण पैशाचं आहे आणि ते घरात कुणी बोललेलं नाही. 2024 पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. होस्टेल आणि मेस त्यात नाही. अट एवढीच की प्रवेश कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस तर एक रुपया माफ होणार नाही. आणि सीईटी दिली नाहीस तर इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये जायला मागे जेईई तेवढी उरते. उद्या बीएस्सीच करायचं ठरलं तरी वाया गेला तो एक उन्हाळ्याचा दिवस. जळगावच्या 44 डिग्रीत तसाही कोण बाहेर पडतं?

सीईटी टाळायची म्हणून बीसीए धरावं असं तुझी मैत्रीण म्हणत होती. तिला सांग, 2024 पासून बीसीए-बीबीएलाही वेगळी सीईटी लागते. बिचारीला पळायला रस्ता राहिला नाही!

आता दुसरा प्रश्न. इथे मी आडवा पडणार आहे.

मी 1991 साली बारावी झालो. तेव्हा सीईटी नव्हती, सगळा हिशेब बारावीच्या गुणांवर. केमिस्ट्रीच्या दिवशी अंगात ताप होता, तीन तासांत गेलेले गुण परत मिळवायला दुसरी जागा नव्हती. जळगावचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज तर 1996 साली निघालं. मी बीएस्सी केली, मास्तर झालो, नशिराबादला राहिलो. रडगाणं नाही हे, माझं बरं चाललं आहे. पण पुढे वीस-पंचवीस वर्षं बारावीची पोरं पाहिली आणि एक गोष्ट ध्यानात आली. माझ्यासारखी एका पेपराने हुकलेली थोडी. अकरावीत जेईई किंवा नीटच्या बॅचला बसवलेली आणि सहाव्या महिन्यात मनातून उठलेली जास्त. घरी सांगायची सोय नसते, कारण फी भरून झालेली असते. मग पोर दीड वर्ष मागच्या बाकावर बसून राहतं आणि शेवटी बोर्डही जातं, सीईटीही जाते.

नीट डॉक्टरकीसाठी लागते, तिला पर्याय नाही. जेईई एनआयटी-आयआयटीसाठी. तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापतात, आणि एनआयटीला खुल्या वर्गात आणि ओबीसीतही साधारण बारावीचे 75 टक्के मागतात. तुला डॉक्टर व्हायचं आहे असं तुझ्या तोंडून मी एकदाही ऐकलेलं नाही. तुझ्या आईच्या तोंडून दहादा ऐकलं. ती माझीच बहीण आहे, तिची समजूत मी घालीन. पण आधी तू मला खरं सांग.

क्लासचा आकडा तिने फोनवर सांगितला. केळीचा भाव एका आठवड्यात कसा बसतो हे तू डोळ्यांनी पाहिलं आहेस. तेवढे पैसे टाकायचे तर ते पोरीच्या हट्टापायी टाकावेत, शेजारच्याचा मुलगा लातूरला गेला म्हणून नव्हे.

म्हणून एक कर. घरी बसून, फोन आईकडे देऊन, जुना सीईटीचा पेपर लाव. अकरावीचे जेवढे धडे झाले तेवढेच प्रश्न निवड. मग जेईईचेही तेवढेच. गुण किती पडले ते मला नको सांगूस. जे आले नाहीत ते प्रश्न दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडावेसे वाटले का, ते सांग. वाटले तर जळगावच्या खोलीचं मी स्वतः बघतो, आणि पप्पांशीही बोलतो. नाही वाटले तर फैजपूरचं कॉलेज, घरचं जेवण आणि सीईटीपुरता बारावीच्या सुट्टीतला सराव पुष्कळ झाला.

निकालात टक्के नसतात, पर्सेंटाइल असतं, हे आजीला आधीच समजावून ठेव. 90 पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले नव्वद तुझ्या बरोबरीला किंवा मागे. नाहीतर ती गावभर "नव्वद टक्के" सांगत फिरेल आणि मार्कशीट पाहून तुझ्यावरच रुसेल.

जात पडताळणीचा अर्ज मात्र अकरावीतच कॉलेजमार्फत टाक. ऐन प्रवेशाच्या जुलैत त्या ऑफिसच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बापांचे चेहरे मी पाहिले आहेत. नॉन-क्रिमिलेअर आणि उत्पन्नाचा दाखला पप्पांना वेळेवर काढायला लाव. त्यांना "उद्या" म्हणायची सवय आहे, आणि हे वाक्य त्यांना वाचून दाखवायला माझी हरकत नाही.

संक्रांतीला येशील तेव्हा तो सोडवलेला पेपर घेऊन ये. चुकलेले प्रश्न खोडरबरने पुसू नकोस.

तुझा,
मामा