लुकलुकत्या दिव्याचा भरवसा

रस्त्यावरचे वाहन नजरेस पडणे आणि ते किती अंतरावर आहे, किती वेगाने व कोणत्या बाजूला चालले आहे हे कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बेळगाव, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यात मोटारसायकलला उघडझाप करणारे दिवे बसवून घेण्याची जी रीत दिसते तिच्या मुळाशी या दोन गोष्टींची गल्लत आहे. त्या रीतीमागची भीती मात्र खरी आहे. देशात 2022 साली रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी सुमारे 44.5 टक्के दुचाकीवरची होती. सीमाभागात तर राष्ट्रीय महामार्ग 48 वरून पुणे-बंगळूरची जड वाहने भरधाव धावत असताना खेड्यांतून येणारे रस्ते त्याला जागोजागी मिळतात, आणि गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर, ज्यांतील अनेकांना मागे धड दिवाही नसतो, त्याच वाहतुकीत सामील होतात. अशा गर्दीत आपण कोणाला दिसतच नाही, असे दुचाकीस्वाराला वाटले तर त्यात नवल नाही.

या भीतीला अभ्यासाचाही आधार आहे. हॅरी हर्ट यांच्या पथकाने अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरातील 900 मोटारसायकल अपघातांची तपासणी करून 1981 मध्ये जो अहवाल दिला, त्यात दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन-तृतीयांश टकरींत मोटारसायकलचा वाटेवरचा हक्क दुसऱ्या चालकाने डावलल्याचे आढळले, आणि मोटारसायकल वेळेत न दिसणे हे त्यामागचे ठळक कारण होते. मलेशियाने 1992 मध्ये दिवसाही हेडलाइट चालू ठेवणे बंधनकारक केल्यावर न दिसण्यामुळे होणारे अपघात लक्षणीय प्रमाणात घटले, आणि भारतातही 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो. या सर्व उपायांतील दिवा स्थिर आहे, ही बाब सहज नजरेतून सुटते.

स्थिरतेला महत्त्व का, हे डोळ्याच्या कामकाजावरून समजते. समोरची वस्तू जवळ येत असल्याचे मेंदू तिच्या वाढत्या आकारावरून ताडतो. लहान वस्तूचा आकार दुरून फार हळू वाढतो, त्यामुळे तेवढ्याच अंतरावरचा ट्रक आधी पोहोचेल आणि मोटारसायकल उशिरा, असा जो चुकीचा अंदाज बांधला जातो त्याला आकार-आगमन भ्रम म्हणता येईल. लुकलुकणारा दिवा नजर खेचतो, कारण डोळ्याच्या कडेचा भाग बदलाला संवेदनशील असतो. परंतु अंधारात तो विझतो त्या प्रत्येक क्षणी आकार आणि अंतर जोखण्याचा धागा तुटतो. अमेरिकेच्या संघराज्य नियमांनी मोटारसायकलच्या हेडलाइटचा प्रकाश लयीत कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाला, म्हणजे मॉड्युलेटरला, परवानगी दिली आहे खरी, पण त्यात हा बदल मिनिटाला 200 ते 280 वेळा व्हावा, प्रकाश 17 टक्क्यांखाली जाऊ नये, आणि अंधार पडताच संवेदकाने दिवा स्थिर करावा, अशा अटी आहेत. ज्यांनी लुकलुकणे मान्य केले त्यांनीही ते रात्री मान्य केलेले नाही.

प्रस्तुत लेखकाला हे कळले ते हाताचे हाड मोडल्यानंतर. संकेश्वर-निपाणी अशी रोजची ये-जा असल्याने त्याने एका गॅरेजमधून मागच्या दिव्याशेजारी वेगाने लुकलुकणारी तांबडी पट्टी बसवून घेतली होती, शिवाय पाऊस किंवा धुके असले की चारही इंडिकेटर चालू ठेवण्याची सवय जडवून घेतली होती. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी तवंदी घाट उतरून निपाणीकडे येताना डावीकडच्या रस्त्याला वळायचे असल्याने त्याने वेग कमी केला. पण चारही इंडिकेटर चालू असल्याने डावीकडचा इशारा वेगळा उमटलाच नाही, आणि मागच्या मोटारीच्या चालकाने ती गाडी बंद पडून उभी आहे असे समजून तिच्या डाव्या बाजूने पुढे काढण्याचा प्रयत्न केला. धक्का ओझरता होता म्हणून निभावले. दिवे लांबूनच दिसले होते, पण गाडी चालती आहे हे कळले नाही, असे त्या चालकाने नंतर सांगितले, आणि त्याच्या बोलण्यात खोट काढता येत नाही. चारही इंडिकेटर एकदम लागणे ही थांबलेल्या किंवा अडकलेल्या वाहनाची खूण आहे. चालत्या गाडीवर ती लावली की खरा इशारा देण्याची सोयच नाहीशी होते. ब्रेकचा दिवाही त्या लुकलुकत्या पट्टीत हरवून गेला असणार.

कायद्याची बाजूही याच दिशेने जाते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 108 प्रमाणे सामान्य वाहनाला पुढच्या बाजूला तांबडा दिवा दाखवता येत नाही आणि मागच्या बाजूला, इंडिकेटरसारखे ठरलेले अपवाद वगळता, तांबड्याखेरीज दुसरा रंग दाखवता येत नाही. तांबडे-निळे उघडझापीचे दिवे तातडीच्या सेवेतील वाहनांसाठी राखलेले आहेत. खासगी दुचाकीने ते लावले तर लोक क्षणभर वाट देतात, पण खऱ्या रुग्णवाहिकेच्या दिव्याची किंमत तेवढी उतरते, आणि हा तोटा दंडाच्या रकमेपेक्षा मोठा आहे.

खर्च करायचाच असेल तर तो प्रतिपरावर्तक पट्टीवर करावा, म्हणजे अशा पट्टीवर जी पडलेला प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवते व त्यामुळे मागच्या वाहनाच्या उजेडात विजेशिवाय झळकते. ती मागे तांबडी व पुढे पांढरी असावी, आणि अंगावरच्या जाकिटावरही असावी. मागचा दिवा 155 मीटरवरून दिसला पाहिजे, असे नियम सांगतो. चिखलाने माखलेली काच पुसली तरी त्यातले बरेच साधते. पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही ब्रेकने मागचा दिवा लागतो की नाही हे फिटरकडून तपासून घ्यावे, कारण एका बाजूचा स्विच बिघडल्याचे स्वाराला कित्येक महिने कळत नाही. वळण्यापूर्वी पुरेसे आधी एकाच बाजूचा इंडिकेटर द्यावा, आरशात पाहावे, आणि मागचा चालक वेग कमी करतो आहे असे दिसल्यावरच हँडल वळवावे. पावसात हेडलाइट डिपरवर ठेवावा.

ज्यांच्या मोटारसायकलला मागे लुकलुकणारी पट्टी असेल त्यांनी उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येण्याआधी ती काढून घ्यावी, आणि ज्या गॅरेजवाल्यांकडे ती बसवण्यासाठी गिऱ्हाईक येईल त्यांनी तिच्याऐवजी प्रतिपरावर्तक पट्टी लावून द्यावी.