पाला मासा

मुलांनो, पाला म्हटले की तुम्हांला झाडाची पाने आठवतात. पण पाला नावाचा एक मासाही आहे. बंगाली लोक त्याला इलिश म्हणतात. सिंधी लोक त्याला पल्ला म्हणतात. तो बांगलादेशाचा राष्ट्रीय मासा आहे.

पाला मोठा प्रवासी आहे. तो समुद्रात वाढतो, पण अंडी घालायला नदीच्या गोड्या पाण्यात येतो. पावसाळ्यात गंगा, पद्मा, मेघना, नर्मदा या नद्या दुथडी भरून वाहतात. तेव्हा पाल्यांच्या झुंडी प्रवाहाविरुद्ध पोहत वर जातात. एक मादी लाखो अंडी घालते. पिल्ले काही महिने नदीत राहतात आणि मग समुद्राकडे निघतात.

चंदेरी मासे तर पुष्कळ असतात. मग पाला कसा ओळखायचा?

पहिली खूण पोटाची. पाल्याच्या पोटाची कड करवतीसारखी दातेरी असते. पण तारलीचे पोटही असेच असते. तारली आणि पाला एकाच कुळातले आहेत. म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये.

दुसरी खूण तोंडाची. पाल्याच्या वरच्या जबड्याच्या मधोमध एक खाच असते. तारलीला ती नसते.

तिसरी खूण शेपटीची. भिंग हा पाल्याचा जवळचा नातेवाईक. त्याच्याही जबड्याला खाच असते, पण त्याची शेपटी पाल्यापेक्षा लांब असते.

चौथी खूण पिल्लाची. पाल्याच्या पिल्लाच्या कल्ल्यामागे एक काळा डाग असतो. त्याच्यामागे अंगावर लहान ठिपक्यांची रांग असते. भिंगाला अशी रांग नसते.

फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतील माशांवर पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी या माशाला 'इलिशा' हे नाव दिले. कोळ्यांच्या तोंडचे नाव असे शास्त्रात गेले! आज त्याचे पूर्ण नाव 'टेन्युआलोसा इलिशा' आहे. भिंगाचे नाव 'टेन्युआलोसा तोली'. पहिला शब्द जणू दोघांचे आडनाव!

ही ओळख कशाला हवी? १९७५ साली गंगेवर फराक्का येथे बंधारा सुरू झाला आणि पाल्याची वरची वाट अडली. त्यात पिल्लेही पकडली, तर पुढे अंडी कोण घालणार? म्हणून बांगलादेशात २५ सेंटिमीटरपेक्षा लहान पाला पकडायला नोव्हेंबर ते जून बंदी असते. ज्याला पिल्लू ओळखता येते, तोच त्याला वेळीच पाण्यात सोडू शकतो.

शब्दार्थ
दुथडी भरून – दोन्ही काठ भरून
विसंबणे – अवलंबून राहणे
कल्ला – माशाचा श्वास घेण्याचा अवयव

स्वाध्याय
१. पाला नदीत का येतो?
२. तारली आणि पाला यांत कोणता फरक आहे?
३. पाल्याचे पिल्लू कसे ओळखाल?
४. बाजारातील दोन मासे नीट पाहा. त्यांची तोंडे आणि शेपट्या यांची चित्रे काढा.