हेल्मेटवरचा कॅमेरा

मोटारसायकल चालवताना हेल्मेट घालावेच लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ मध्ये तसा नियम आहे. अलीकडे काही तरुण हेल्मेटवर छोटा कॅमेरा बसवतात. प्रवासाचे चित्रण करावे व ते मित्रांना दाखवावे, अशी त्यांना हौस असते. अपघात झाल्यास चूक कोणाची, हेही चित्रणातून समजू शकते. मग कॅमेरा लावला तर काय बिघडले?

हे समजण्यासाठी हेल्मेटची रचना पाहू या. त्याचे कवच कठीण, गोल व गुळगुळीत असते. आत थर्माकोलसारखा जाड थर असतो. डोके आपटले, की हा थर दबतो आणि धक्का सोसतो. गुळगुळीत कवच रस्त्यावरून घसरत जाते. त्यावर कॅमेरा असेल तर तो कशात तरी अडकू शकतो. मग मानेला जोराचा हिसका बसतो.

म्हणूनच २०२२ साली केरळच्या मोटार वाहन विभागाने हेल्मेटवर कॅमेरा लावण्यास मनाई केली. नियम मोडल्यास एक हजार रुपये दंड होईल व परवाना तीन महिन्यांपर्यंत निलंबित होऊ शकेल, असे जाहीर केले.

चित्रण करायचेच असेल, तर कॅमेरा हँडलवर घट्ट बसवावा. गाडी चालू असताना त्याला हात लावू नये. मुलांनो, घरातील मोठ्या भावाला हे जरूर सांगा. हेल्मेट हौसेसाठी नाही, जीव वाचवण्यासाठी असते.

स्वाध्याय
१. हेल्मेटचे कवच गुळगुळीत का असावे?
२. 'हिसका बसणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.