पौलाचा हक्क आणि आपली राज्यघटना

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये 22:22-29; अनुवाद 17:14-20



यरुशलेमेत पौलाला फटके मारण्यासाठी बांधले, तेव्हा आपण रोमी नागरिक आहोत ही गोष्ट त्याने शताधिपतीच्या लक्षात आणून दिली. लगेच चाबूक थांबला आणि सरदारही घाबरला. पौल ख्रिस्तासाठी दुःख सोसायला तयार होता, तरी देशाच्या कायद्याने दिलेला हक्क त्याला ठाऊक होता आणि तो त्याने वापरला. आपल्यापैकी किती जणांना आपले हक्क ठाऊक आहेत?

या प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे. पौलाच्या जागी एखादा गुलाम असता, तर चाबूक थांबला नसता. सरदाराने तर आपले नागरिकत्व पुष्कळ पैसे देऊन विकत घेतले होते. म्हणजे रोमी न्याय काहींसाठी होता, सर्वांसाठी नव्हता. आपली राज्यघटना नेमकी येथे वेगळी आहे.

1. राज्यकर्ताही नियमाखाली

इस्राएलाच्या राजाने नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी व ती आयुष्यभर वाचावी, अशी आज्ञा अनुवादात आहे. आपल्या बांधवांपेक्षा आपण मोठे, असे त्याला वाटू नये हा तिचा हेतू. घटनेचे पहिले तत्त्वही हेच आहे : सत्ता कोणाचीही असो, तिला मर्यादा आहे. घटना समितीचे काम 9 डिसेंबर 1946 रोजी सुरू झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष होते. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगालचे ख्रिस्ती गृहस्थ होते. 26 नोव्हेंबर 1949 रोजी घटना स्वीकारली गेली व 26 जानेवारी 1950 पासून अमलात आली.

2. घटनेची रचना

एखाद्या इमारतीप्रमाणे हिच्याकडे पाहावे. उद्देशिका हे प्रवेशद्वार. न्याय, स्वातंत्र्य, समता व बंधुता हे शब्द तेथेच भेटतात. तिसऱ्या भागात मूलभूत हक्क आहेत. चौथ्या भागात राज्यकारभारासाठी मार्गदर्शक तत्त्वे आहेत. नागरिकांची मूलभूत कर्तव्ये 1976 साली जोडली गेली. कायदा करणारे विधिमंडळ, तो राबवणारे सरकार आणि न्याय देणारी न्यायालये अशी कामाची वाटणी आहे. केंद्र व राज्ये यांचे अधिकारही वाटून दिले आहेत. मूलभूत हक्कावर गदा आली, तर 32 व्या कलमाने थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येते. हे कलम डॉ. आंबेडकरांना सर्वांत महत्त्वाचे वाटत असे.

काही हक्क केवळ नागरिकांचे आहेत. पण कायद्यापुढे समानता (कलम 14), जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य (कलम 21) आणि धर्मस्वातंत्र्य (कलम 25) हे या देशात असलेल्या प्रत्येक माणसाचे आहेत, मग तो परदेशी का असेना.

3. एका शब्दाची कहाणी

25 वे कलम सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते, आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचाही हक्क देते. मात्र सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांना बाध येता कामा नये. ‘प्रसार’ या शब्दावर डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत वाद झाला. काही सभासदांना तो नको होता. कन्हैयालाल मुन्शी व टी. टी. कृष्णम्माचारी या हिंदू सभासदांनी त्याचे समर्थन केले आणि शब्द राहिला. आपल्या हक्कासाठी शेजारी उभे राहिले, हे आपण विसरू नये.

पुढे मध्य प्रदेश व ओरिसा येथील धर्मांतरविषयक कायद्यांवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. आपली तत्त्वे समजावून सांगणे म्हणजे प्रसार. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निकाल 1977 साली झाला. हा निकाल पुष्कळ ख्रिस्ती जनांना बोचला. तरी त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे : ज्याला आपण सुवार्ता सांगतो, त्याची सदसद्विवेकबुद्धीही आपल्याइतकीच मोकळी आहे. प्रभू येशूने दार ठोठावले, मोडले नाही.

4. पाया हलवता येत नाही

केरळातील एका हिंदू मठाचे प्रमुख केशवानंद भारती यांनी मठाच्या जमिनींवरून दावा केला होता. 24 एप्रिल 1973 रोजी तेरा न्यायाधीशांनी, सात विरुद्ध सहा अशा बहुमताने, ठरवले की संसदेला घटना दुरुस्त करता येते, पण तिचा मूलभूत ढाचा मोडता येत नाही. धर्मनिरपेक्षता हा त्या ढाच्याचा भाग आहे, हे 1994 च्या बोम्मई खटल्यात स्पष्ट झाले. दावा एका मठाधिपतींचा, आणि आधार मात्र मशिदीला, गुरुद्वाराला आणि आपल्या मंदिरालाही मिळाला.

दुसरे उदाहरण मुलांना अवश्य सांगावे. 1985 साली केरळात ‘यहोवाचे साक्षीदार’ पंथातील तीन मुलांना शाळेतून काढले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत. 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. त्या पंथाची शिकवण आपल्याला मान्य नाही. तरीही त्या तिघांसाठी उघडलेले दार उद्या आपल्या मुलांच्याही उपयोगी पडेल.

तेव्हा बंधुभगिनींनो, हक्काची आठवण केवळ आपल्यावर संकट आले म्हणजेच होऊ नये. आपल्या गावात दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या जातीच्या माणसावर अन्याय झाला आणि आपण गप्प बसलो, तर आपला हक्क त्या सरदाराच्या नागरिकत्वासारखा केवळ स्वतःपुरता उरेल. प्रभूने शेजाऱ्यावर प्रीती करण्यास सांगितले आहे. घटनेतील बंधुता हा शब्द त्याच वाटेवरचा आहे.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

1. पौलाने आपला हक्क का वापरला? विश्वास आणि हक्क यांत विरोध आहे काय?
2. राजाने नियमशास्त्र रोज वाचण्यामागे हेतू कोणता होता?
3. उद्देशिका मोठ्याने वाचा. तिच्यातील कोणता शब्द आपल्या मंडळीत अजून आचरणात यायचा आहे?